खर्जाचा प्रश्न : स्मिथ कॉलेजातील एका गायिकावृंदाची कथा

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात, नॉर्थॅम्प्टन नावाचे एक टुमदार गाव आहे. विख्यात स्वीडिश गायिका जेनी लिंड १८५२ साली विवाहानंतर काही महिने या गावी येऊन राहिली होती आणि तिने या परिसराला अमेरिकेतील नंदनवन म्हटले, अशी तेथील परंपरा सांगते. स्मिथ कॉलेजच्या आवारातील तळ्याला आज 'पॅरडाइज पाँड' म्हणतात, त्याचे मूळ या आख्यायिकेशी जोडले जाते. एका गायिकेच्या उद्गारावरून ज्या भूमीला नाव मिळाले, त्याच भूमीवर १९३६ साली काही विद्यार्थिनींनी वाद्यांच्या साथीवाचून गाणारा एक लहानसा वृंद उभा केला. त्याचे नाव 'स्मिफेनपूफ्स'. अमेरिकेतील महाविद्यालयीन स्त्रियांच्या अशा वृंदांत तो सर्वांत जुना मानला जातो.

हे नाव मराठी कानाला जितके विचित्र वाटते तितकेच ते इंग्रजी कानालाही वाटते, कारण त्याला अर्थच नाही. येल विद्यापीठातील पुरुषांच्या 'व्हिफेनपूफ्स' या गायकवृंदाच्या नावाला स्मिथच्या नावाचा आद्यध्वनी जोडून ते घडवले आहे. आणि व्हिफेनपूफ हा शब्द तरी कोठला? व्हिक्टर हर्बर्टच्या 'लिट्ल नीमो' या १९०८ सालच्या संगीत नाटकातील एका काल्पनिक प्राण्याचे ते नाव. म्हणजे एका विनोदाचा विनोद, एका नकलेची नक्कल. स्मिफेनपूफ्सच्या इतिहासाकडे पाहणाऱ्याने या नावातच अडकून पडावे असा मोह होतो. मुलांनी केले ते मुलींनी मागाहून केले, इतकेच म्हणून पुढे जावेसे वाटते. तथापि गाणे नावाने होत नाही, आवाजाने होते. आणि पुरुषांचे नाव उचलता आले तरी पुरुषांचा खर्ज उचलता येत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय मुख्यतः हा आहे.

प्रथम या गायनप्रकाराविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. 'अ कापेला' हा इटालियन शब्दप्रयोग, आणि त्याचा मूळ अर्थ 'प्रार्थनामंदिराच्या रीतीने' असा आहे. आपल्याकडे साथ म्हणजे तंबोरा, तबला, पेटी. गायक त्यांच्या आधाराने एकच सुरावट विस्तारत नेतो. पाश्चात्त्य वृंदगानात एकाच वेळी तीन-चार भिन्न सुरावटी गायल्या जातात आणि त्यांच्या मीलनातून स्वरमेळ निर्माण होतो. वाद्ये काढून घेतली की या स्वरमेळाचा सगळा भार कंठांवर येतो. सर्वांत खालचा आवाज जमिनीचे काम करतो. तो ढळला की वरची इमारत ढळते. वृंदातील बास म्हणजे जणू तंबोऱ्याची खर्जाची तार. मात्र ही तार एका स्वरावर स्थिर न राहता सतत चालत असते.

ज्या प्रार्थनामंदिरांवरून या गायनाला नाव मिळाले, तेथे स्त्रीला गाण्याची मुभा नव्हती. उंच पट्टीतील भाग कोवळ्या मुलांकडून किंवा, त्याहून भयंकर म्हणजे, बालपणीच पुरुषत्व हिरावून घेतलेल्या गायकांकडून गाऊन घेतले जात. व्हॅटिकनच्या सिस्टीन चॅपेलमधील आलेस्सांद्रो मोरेस्की हा अशा गायकांतील शेवटच्यांपैकी एक. १९०२ आणि १९०४ साली घेतलेली त्याची ध्वनिमुद्रणे आजही ऐकायला मिळतात. ती ऐकताना मन अस्वस्थ होते. स्त्रीचा आवाज हवा, पण स्त्री नको, या हट्टाची किंमत त्या आवाजात ऐकू येते. २२ नोव्हेंबर १९०३ रोजी पोप दहावे पायस यांनी धर्मसंगीतासंबंधी जे आदेशपत्र काढले, त्यात ही प्रथा पुढे चालवण्याऐवजी उंच आवाजांसाठी मुलगेच घ्यावेत असे सांगितले; आणि धर्मविधीतील गायन हे एक धार्मिक पद असल्याने त्या पदाला स्त्रिया अपात्र आहेत, हेही स्पष्ट केले. येलचे व्हिफेनपूफ्स गाऊ लागले ते या आदेशानंतर अवघ्या सहा वर्षांनी.

या सर्वसाधारण बंदीला एक तेजस्वी अपवाद होता. व्हेनिसमध्ये अनाथ मुलींना सांभाळणाऱ्या चार संस्था होत्या आणि त्यांत संगीताचे उत्कृष्ट शिक्षण दिले जाई. त्यांपैकी 'पिएता' या संस्थेत आंतोनियो विवाल्दी १७०३ पासून शिक्षक होता. या मुली जाळीच्या पडद्याआड उभ्या राहून गात; ऐकणाऱ्यांना त्यांचे चेहरे दिसत नसत. त्यांना आडनाव नव्हते. म्हणून संस्थेच्या नोंदींत त्यांची ओळख वाद्यावरून किंवा आवाजावरून लिहिलेली आढळते : अन्ना मारिया 'दाल व्हायोलिन', पाउलिना 'दाल तेनोर'. टेनर हा पुरुषांचा आवाज मानला जातो, आणि येथे तो एका मुलीचे आडनाव होऊन बसला आहे. पिएताच्या वृंदात बासचा भाग गाणाऱ्याही मुली होत्या. त्या तो भाग लिहिलेल्या स्थानीच गात की एक सप्तक वर चढवून, यावर संगीताच्या अभ्यासकांत पुष्कळ चर्चा झाली आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की पुरुषाविना संपूर्ण वृंद उभा करण्याचा प्रश्न अमेरिकेतील कॉलेजकन्यांपुढे प्रथम उभा राहिला असे नाही. फक्त पिएताचा तो वारसा तोवर विस्मृतीत गेला होता.

अमेरिकेतील महाविद्यालयीन गायनाची परंपरा मंदिरातून आली नाही. ती पानगृहातून आली. हार्वर्डचा ग्ली क्लब १८५८ चा आणि येलचा १८६१ चा. १९०९ साली येलमधील पाच गायक न्यू हेवनच्या मोरीज या पानगृहात दर आठवड्याला जमू लागले आणि त्यांतून व्हिफेनपूफ्स जन्मले. त्यांचे प्रसिद्ध गीत हे रड्यार्ड किपलिंगच्या एका कवितेवरून बेतलेले आहे. घरंदाज कुळातून येऊन साधा शिपाई म्हणून पलटणीत भरती झालेल्या, वाया गेलेल्या तरुणांची ती कविता, १८९२ च्या संग्रहातली. आणि किपलिंगचा जन्म मुंबईचा, हा योगायोग मराठी वाचकाला गंमतीचा वाटेल. श्रीमंतांच्या मुलांनी स्वतःच्या भरकटलेपणाची कौतुकाने थट्टा करावी, असा त्या गीताचा एकूण सूर. रूडी व्हॅली आणि पुढे बिंग क्रॉस्बी या लोकप्रिय गायकांनी ते ध्वनिमुद्रित केले आणि ते देशभर पोहोचले. सांगण्याचा मुद्दा असा की भरकटण्याची ऐट मिरवण्यासाठी आधी एक ठरलेली वाट पायाखाली असावी लागते. येलच्या मुलांना ती होती. स्त्रियांना अजून वाटच मिळवायची होती.

ती वाट कशी घडत होती याचे दर्शन मराठी वाचकाला पंडिता रमाबाईंनी पुष्कळ आधी घडवले आहे. १८८६ ते १८८८ या काळात त्या अमेरिकेत होत्या आणि १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' या त्यांच्या ग्रंथात स्त्रियांच्या स्थितीवरील प्रकरण सर्वांत विस्तृत आहे. स्त्रियांनी एकत्र येऊन संस्था काढणे, त्या नेटाने चालवणे, या गोष्टीचे रमाबाईंना विशेष अप्रूप होते. त्या तेथे असताना स्मिथ कॉलेजला जेमतेम दहा-बारा वर्षे झाली होती. सोफिया स्मिथ या अविवाहित, ऐकू न येणाऱ्या वृद्ध स्त्रीने १८७० साली मृत्यूपूर्वी आपली संपत्ती या कामासाठी लिहून दिली आणि १८७५ साली चौदा विद्यार्थिनींवर कॉलेज उघडले. तरुण पुरुषांना कॉलेजांतून मिळते तितके शिक्षण आपल्या जातीला, म्हणजे स्त्रीजातीला, मिळावे असा तिच्या मृत्युपत्राचा आशय आहे. या वाक्याकडे जरा थांबून पाहावे. मागणी समतेची आहे, पण माप पुरुषांचे आहे. दुसरे माप उपलब्धच नव्हते. नावासाठी येलकडे वळणाऱ्या १९३६ च्या मुली याच वाक्याच्या वारसदार होत्या.

तोवर स्मिथमध्ये संगीत चांगलेच रुजले होते. व्हेर्नर योस्टेन या जर्मन संगीतकाराच्या नेतृत्वाखाली १९२६ साली मोन्तेव्हेर्दीच्या 'पोप्पेआचा राज्याभिषेक' या ऑपेराचा अमेरिकेतील पहिला प्रयोग या कॉलेजात झाला होता. हा झाला गंभीर संगीताचा दरबार. त्याच्या जोडीला वसतिगृहांच्या पायऱ्यांवरची गाणी, वर्गांच्या चढाओढीची गाणी आणि दर घरातल्या नव्या ध्वनिमुद्रिका व रेडिओ. तिशीतल्या अमेरिकेत तीन बहिणींनी एकमेकींना अगदी चिकटलेल्या स्वरांत गाण्याची लाट होती. न्यू ऑर्लिन्सच्या बॉसवेल भगिनींनी तिला वेगळेच लावण्य दिले, आणि योगायोग असा की त्यांचा गट फुटला तेही साल १९३६. स्मिफेनपूफ्सचे नाव येलहून आले हे उघड आहे. पण कानावर कोणाचे संस्कार होते हे नावावरून कळत नाही. माझा तर्क असा की तिशीतल्या कोणत्याही गाणाऱ्या मुलीच्या कानात येलच्या मुलांपेक्षा रेडिओवरच्या बहिणी अधिक घुमत असणार.

आता खर्जाकडे वळू. मोठ्या पुरुषाचा बास आवाज आणि स्त्रीचा सर्वांत खालचा आल्टो आवाज यांत साधारण एका सप्तकाचे अंतर असते. स्त्री-पुरुषांच्या मिश्र वृंदाला चार सप्तकांच्या आसपास ऐसपैस जागा मिळते, तर केवळ स्त्रियांच्या वृंदाला अडीच सप्तकांत संसार करावा लागतो. पुरुषवृंदासाठी रचलेली गाणी एक सप्तक वर उचलून गाणे हा पहिला सोपा मार्ग, आणि अनेक स्त्रीवृंद आरंभी तोच पत्करत. कागदावर सगळे स्वर जागच्या जागी असतात. कानाला मात्र गाणे अधांतरी वाटते. खालच्या स्वरांतून जे उपस्वर निघतात आणि वरच्या आवाजांना आपसूक टेकू देतात, तेच सप्तक बदलल्यावर विरळ होतात.

म्हणून दुसरा मार्ग शोधावा लागतो, आणि येथे अनुकरण संपते. स्वर एकमेकांजवळ आणावे लागतात, इतके की दोन आवाजांत कधी एकाच स्वराचे अंतर राहते आणि त्या घर्षणातून एक थरथर निर्माण होते. सुरावट नेहमी सर्वांत वर ठेवून चालत नाही. ती मधल्या आवाजाकडे द्यावी लागते आणि वरच्या आवाजाने तिच्यावर सावली धरावी लागते. सर्वांत खालच्या आल्टोला बासची नक्कल करून भागत नाही. तिने आवाज न दाबता, छातीत भरून, पण मोकळा ठेवावा लागतो. दाबला की तो घोगरा होतो आणि स्वर खाली उतरू लागतो. साथीला वाद्य नसल्यामुळे एकजण उतरली की साऱ्याच उतरतात आणि गाणे जेथे सुरू झाले त्याच्या अर्धा स्वर खाली संपते. गाणाऱ्यांना हे कळत नाही, ही त्यातली शोकांतिका. शेवटी खिशातली सुराची शिटी फुंकून पाहावी तेव्हा कळते.

स्मिफेनपूफ्सनंतर नऊ वर्षांनी, १९४५ साली, ओक्लाहोमातील टल्सा येथे 'स्वीट अॅडेलाइन्स' ही स्त्रियांची संघटना निघाली. पुरुषांच्या बार्बरशॉप नावाच्या चौकडी-गायनाची ती स्त्री-आवृत्ती. त्या स्त्रियांनी आपल्या चार आवाजांना टेनर, लीड, बॅरिटोन आणि बास हीच पुरुषी नावे ठेवली. आवाज स्त्रीचा, पदवी पुरुषाची. पिएताच्या पाउलिनाची आठवण येथे आल्यावाचून राहत नाही.

दरम्यान युद्ध आले होते. १९४२ च्या उन्हाळ्यात अमेरिकी नौदलाने स्त्रियांचे राखीव दल स्थापन केले आणि त्याच्या अधिकारी स्त्रियांचे पहिले प्रशिक्षण केंद्र नॉर्थॅम्प्टनला, स्मिथ कॉलेजच्या आवारात उघडले. गणवेशातील स्त्रिया कॉलेजच्या रस्त्यांवरून कवायत करीत जाऊ लागल्या. या दलासाठी १९४३ साली एक गीत रचले गेले. त्याची रचना मोठी अर्थपूर्ण आहे : नौदलाचे 'अँकर्स अवे' हे प्रसिद्ध पुरुषगीत चालू असताना त्याच्या जोडीने, त्याच्या स्वरांशी जुळवून हे गाता यावे अशी त्याची चाल बांधलेली आहे. पुरुषांनी आपले गाणे बदलायचे नाही. त्यात कोठे मोकळी जागा आहे ती हेरून स्त्रियांनी आपले बसवायचे. या युक्तीचे कौतुक करावे की तिच्यामागील अपेक्षेचा राग धरावा, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

त्याच १९४२ साली, नदीपलीकडे साउथ हॅडली येथील माउंट होल्योक या स्त्रियांच्या आणखी जुन्या कॉलेजात 'व्हिक्टरी एट्स' हा वृंद निघाला. आठ गायिका आणि विजयाची आशा, असे ते युद्धकालीन नाव. त्याचेच पुढे 'व्ही-एट्स' झाले. सर्वांत जुना अखंड चालत आलेला स्त्रीवृंद हा मान माउंट होल्योकचे लोक आपल्याकडे घेतात. स्मिथवाले १९३६ हे साल पुढे करतात. या दोन शेजाऱ्यांतला हा वाद वरवर पाहता पोरकट आहे, परंतु त्यात एक खरा ऐतिहासिक प्रश्न दडलेला आहे. अखंड म्हणजे काय? चार वर्षांत सगळे गायक बदलणाऱ्या वृंदाची अखंडता मोजायची कशाने? १९३६ पासून आजवर स्मिफेनपूफ्समधील माणसे वीसहून अधिक वेळा संपूर्णपणे बदलली आहेत. गुरू नाही, घराणे नाही, पगारी दिग्दर्शक नाही. दरवर्षी एक चतुर्थांश वृंद पदवी घेऊन निघून जातो आणि उरलेल्यांनी नवागतांना गाणी शिकवायची. अठरा वर्षांची मुलगी एकवीस वर्षांच्या मुलीकडून शिकते आणि तीन वर्षांनी तीच शिकवू लागते. पाठांतर, ऐकणे, पुन्हा म्हणणे. लिखित स्वरलिपी हाताशी असली तरी ठेका, श्वास कोठे घ्यायचा, कोणते अक्षर लांबवायचे, हे कागदावर राहत नाही. मौखिक परंपरेचे इतके छोटे आणि इतके वेगवान उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

मौखिक परंपरेचा इतिहास लिहिणे नेहमीच अवघड, आणि येथे तर आणखी एक अडचण आहे. येलच्या गायकांची यादी सरळ लिहिता येते. १९१३ चा कोल पोर्टर पुढे रंगभूमीचा मोठा गीतकार झाला, आणि तो व्हिफेनपूफ होता हे कोणालाही सांगता येते, कारण तो शेवटपर्यंत कोल पोर्टरच राहिला. स्मिथच्या मुली विवाहानंतर नवे आडनाव घेत. जुन्या छायाचित्राखालचे नाव आणि पुढे वृत्तपत्रात छापले गेलेले नाव यांचा मेळ घालण्यासाठी माजी विद्यार्थिनींच्या नोंदवह्या चाळाव्या लागतात. पिएताच्या मुलींना आडनाव नव्हते म्हणून त्यांचा आवाज हेच त्यांचे नाव झाले; स्मिथच्या मुलींना आडनावे दोन, आणि दोहोंच्या मध्ये आवाज हरवतो.

तो कोठे हरवतो याचा काहीसा अंदाज दुसऱ्या एका नोंदीवरून येतो. बेटी फ्रीडन ही स्मिथची १९४२ सालची पदवीधर, म्हणजे स्मिफेनपूफ्सच्या पहिल्या पिढ्यांची समकालीन. १९५७ साली वर्गाच्या पंधराव्या स्नेहसंमेलनासाठी तिने आपल्या वर्गभगिनींना एक प्रश्नावली पाठवली. सुमारे दोनशे उत्तरे आली. उत्तम शिकलेल्या, उपनगरांत सुस्थितीत नांदणाऱ्या या स्त्रियांच्या उत्तरांतून जी निनावी पोकळी तिला दिसली, तिच्यातून १९६३ चे 'द फेमिनिन मिस्टिक' हे पुस्तक जन्मले. त्याआधी, १९५५ साली, याच कॉलेजच्या पदवीदान समारंभात अॅडलाय स्टीव्हन्सन या नामवंत आणि उदारमतवादी मानल्या गेलेल्या राजकारण्याने पदवीधर मुलींना गृहिणी आणि माता म्हणून राष्ट्रकार्य करण्याचा उपदेश केला होता. श्रोत्यांत त्या वर्षीची पदवीधर कवयित्री सिल्व्हिया प्लाथ होती. या वातावरणात चार वर्षे संध्याकाळी जमून, कोणाच्याही परवानगीवाचून, आपली गाणी आपणच बसवणे, आपणच प्रवास आखणे आणि पैशाचा हिशेब आपणच ठेवणे, ही गोष्ट दिसते तितकी क्षुल्लक नव्हती. अनेकींच्या आयुष्यात संपूर्णपणे स्वतः चालवलेली ती पहिली संस्था असणार. काहींच्या बाबतीत कदाचित पुढे पुष्कळ वर्षे एकमेव.

स्मिथ कॉलेजचे अध्यक्षपद एका स्त्रीकडे आले ते १९७५ साली, जिल केर कॉनवे यांच्या रूपाने. कॉलेज उघडल्याला तेव्हा शंभर वर्षे झाली होती. त्या हिशेबाने पाहिले तर गायिकावृंद कॉलेजच्या एकोणचाळीस वर्षे पुढे होता.

१९६९ साली येलने पदवीच्या वर्गांत मुलींना प्रवेश दिला. स्मिथसारख्या कॉलेजांपुढे त्यामुळे मोठा पेच उभा राहिला : आता वेगळे राहण्याचे कारण काय? सत्तरीच्या आरंभी स्मिथने सहशिक्षणाचा विचार केला आणि स्त्रियांचेच कॉलेज राहण्याचा निर्णय घेतला. येलमध्ये पहिल्याच वर्षी आलेल्या मुलींनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. व्हिफेनपूफ्सचे दार बंद होते. त्यांनी 'न्यू ब्लू' हा स्वतःचा वृंद काढला. मोरीजचे सभासदत्व स्त्रियांना मिळाले ते १९७४ साली, आणि तेही मद्यपरवान्याचा कायदेशीर वाद पेटल्यानंतर. १९८१ साली शेवटच्या वर्षाच्या मुलींनी 'व्हिम अँड रिदम' हा वृंद व्हिफेनपूफ्सच्या तोडीचा म्हणून उभारला. ज्या येलकडून स्मिथच्या मुलींनी नाव उसने आणले, त्याच येलमध्ये मुलींना गाता येईपर्यंत स्मिफेनपूफ्स तेहतीस वर्षे गात आलेल्या होत्या, हे या कालक्रमात सहसा कोणी पाहत नाही.

पुढचा काळ ध्वनिक्षेपकांचा आणि स्पर्धांचा. १९९६ पासून अमेरिकेत महाविद्यालयीन वृंदांची राष्ट्रीय स्पर्धा भरू लागली. तोंडाने तालवाद्यांचा आभास निर्माण करण्याची कला मुख्य प्रवाहात आली, लोकप्रिय रॉक गीते वृंदासाठी रचली जाऊ लागली, आणि जुना खर्जाचा प्रश्न नव्या तीव्रतेने उभा राहिला. कारण रॉक संगीताचा सगळा जोर खालच्या स्वरांवर. स्त्रीवृंद गोड गातात पण गाणे भरत नाही, असा शेरा वारंवार ऐकू येऊ लागला. ओरेगन विद्यापीठाच्या 'डिव्हिसी' या स्त्रीवृंदाने २००५ च्या अंतिम फेरीत हा समज जवळजवळ मोडलाच होता. विजेतेपद थोडक्यात हुकले. मिकी रॅपकिन यांच्या २००८ च्या पुस्तकात त्यांची हकीकत आली आणि त्या पुस्तकाच्या आधारे २०१२ साली 'पिच परफेक्ट' हा चित्रपट निघाला. चित्रपट हलकाफुलका आहे, परंतु त्याच्या पटकथाकर्त्रीला मर्म नेमके ठाऊक होते : स्वरयंत्रावरील गाठींची शस्त्रक्रिया झाल्यावर त्यातील एका मुलीला आढळते की आता आपण खर्जात गाऊ शकतो, आणि वृंदाचा प्रश्न सुटतो. वास्तवात ब्रिगम यंग विद्यापीठाच्या 'नोटवर्दी' या स्त्रीवृंदाने २००७ साली ती स्पर्धा जिंकली. त्यासाठी शस्त्रक्रिया लागली नाही.

विजेच्या उपकरणाने आल्टोचा आवाज एक सप्तक खाली उतरवण्याची सोयही आता झाली आहे. काही स्त्रीवृंद ती वापरतात. मला ती सोय निषिद्ध वाटत नाही, फक्त तिच्यात काही तरी गमावते असे वाटते. अडीच सप्तकांच्या अडचणीतून ज्या दाट, घासत जाणाऱ्या स्वरमेळाचा शोध लागला, तो जागा मिळताच ढिला पडतो. ही एका म्हाताऱ्या श्रोत्याची आवड समजून सोडून द्यावे.

आपण आरंभी ज्या दोन बंद दारांपाशी उभे होतो त्यांचे काय झाले तेही सांगितले पाहिजे. २०१७ च्या नोव्हेंबरात चेचिलिया बार्तोली ही इटालियन गायिका सिस्टीन चॅपेलमध्ये तेथील वृंदासह गायली. असा मान मिळालेली ती पहिली स्त्री म्हणून गाजली. आणि २०१८ च्या फेब्रुवारीत, एकशे नऊ वर्षांनंतर, व्हिफेनपूफ्सनी प्रथमच एका स्त्रीला आपल्या चौदांत घेतले. सोफिया कांपोआमोर हे तिचे नाव. आणि ती तेथे टेनरचा भाग गायली. त्याच वेळी 'व्हिम अँड रिदम'नेही आपले दार सर्वांना खुले केले. येलचे हे दोन्ही वृंद तेव्हापासून स्त्री-पुरुष या भेदावर न ठरता आवाजाच्या पट्टीवर ठरतात : एक खालच्या आवाजांचा, दुसरा वरच्या. स्मिथ कॉलेजनेही २०१५ साली आपल्या प्रवेशनियमांत स्त्री या शब्दाची व्याप्ती वाढवली. अनेक जुने स्त्रीवृंद आता स्वतःची ओळख करून देताना 'परंपरेने स्त्रियांचा' असे म्हणतात.

स्मिथमध्ये मे महिन्यात पदवीदानाच्या आदल्या रात्री विजेचे दिवे मालवून सारे आवार कागदी कंदिलांनी उजळतात. कॉलेजचे वृंद त्या उजेडात ठिकठिकाणी उभे राहून गातात. पांढऱ्या वेषातील माजी विद्यार्थिनी, काही काठी टेकत, एका वृंदापाशी थांबतात आणि पुढे जातात. दुसऱ्या दिवशी ज्या मुली निघून जायच्या त्यांत बहुधा एखादी खालच्या आवाजाचीही असते. असा आवाज कोणत्याही स्त्रीवृंदात दुर्मीळ. सप्टेंबरात नव्या मुलींची परीक्षा घेताना सुराची शिटी फुंकून प्रत्येकीला एकेक स्वर खाली उतरायला सांगतात, आणि एखादी न अडखळता उतरत गेली की खोलीतल्या बाकीच्या जणी एकमेकींकडे पाहतात.